दोन औषधे, एक शरीर : फ्लूवरील औषधांची जोडी आणि निरोगी स्वयंसेवक

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर गोविंदपुरम् येते. कावेरीच्या या सुपीक प्रदेशात विठ्ठल-रुखुमाईचे मोठे मंदिर उभे आहे आणि तेथे तमिळ वळणाच्या उच्चारांत मराठी अभंग ऐकू येतात. पंढरपूरपासून इतक्या दूर मराठी भाषा पोहोचली, त्यात तंजावरच्या मराठा राजवटीचा मोठा वाटा आहे. तंजावर येथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. हे टिपण मी गोविंदपुरमला लिहावयास घेतले. त्याचा विषय मात्र देवळाचा किंवा राजवटीचा नसून विज्ञानवार्तांमधील एका लहानशा वाक्याचा आहे.

ते वाक्य आपण सर्वांनी वाचलेले असते : ‘दोन विषाणुरोधी औषधे एकत्र दिली असता निरोगी स्वयंसेवकांमध्ये ती सुरक्षित आढळली.’ बातमी तेथे संपते आणि वाचक पुढे सरकतो. परंतु या वाक्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, जो आजारीच नाही त्याला औषध कशासाठी द्यायचे? दुसरा, दोन औषधे वेगवेगळी सुरक्षित ठरली असतील, तर ती एकत्र तपासण्याची गरज का पडावी? फ्लूवरील औषधांच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतून जातो.

आरंभ तंजावरपासूनच करू. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ‘धन्वंतरी महाल’ नावाची संस्था चालवली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे वैद्य काम करीत. औषधे तेथेच तयार होत, रुग्णांना दिली जात आणि गुण आलेल्या योगांची नोंद ठेवली जाई. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखले जाणारे ग्रंथ त्याच परंपरेतील आहेत. नेत्ररुग्णांच्या तत्कालीन नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. नोंदी ठेवणारा राजा ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

तरीही या पद्धतीला एक मर्यादा होती आणि ती त्या काळच्या जगभरच्या वैद्यकाचीही होती. रुग्णाला औषध दिले व तो बरा झाला, यावरून औषधाने नेमके काय केले हे कळत नाही. आजार आपोआप ओसरला असेल, पथ्याचा परिणाम असेल, योगातील चार द्रव्यांपैकी एकाचाच गुण असेल, किंवा त्यांतील दोन एकमेकांच्या विरोधातही काम करीत असतील. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर संकेत आणि गोंगाट एकत्र मिसळलेले आहेत. आजारी शरीर हे स्वतःच दर तासाला बदलत असते. त्यात औषधाची हालचाल मोजणे म्हणजे हलत्या तराजूवर वजन करण्यासारखे आहे. निरोगी माणूस हा त्या मानाने स्थिर तराजू होय. त्याला रोगातून बरे करण्यासाठी औषध दिले जात नाही. औषध शरीरात किती पोहोचते, किती वेळ टिकते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे मोजण्यासाठी दिले जाते.

निरोगी माणसाच्या शरीरावर पद्धतशीर प्रयोग करण्याची भारतातील सर्वांत गाजलेली घटना मुंबईची. ऑक्टोबर १८९६ मध्ये, प्लेगने शहर हादरलेले असताना, वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत लस तयार करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर होती, म्हणजे पुढे इतरांना देण्यात आलेल्या मात्रेहून बरीच मोठी. ताप आला, वेदना झाल्या आणि काही दिवसांत त्या ओसरल्या. त्यानंतर काही नागरिक स्वेच्छेने पुढे आले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी लस टोचून घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. टोचणीच्याच दिवशी आजारी पडलेले वगळता, लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जण आजारी पडले आणि एकही दगावला नाही. तुलना करण्याजोगे दोन गट, एकच जागा, एकच अन्न, एकच साथ : आधुनिक चाचणीचा सांगाडा येथे दिसतो. त्याचबरोबर आधुनिक चाचणीचा सर्वांत अवघड प्रश्नही येथेच दिसतो. ते ‘स्वयंसेवक’ कैदी होते. चार भिंतींच्या आत, साथीच्या छायेत आणि तुरुंगाधिकाऱ्यांसमोर दिलेला होकार कितपत मोकळा असतो? ज्या प्रयोगशाळेतून पुढे परळची हाफकिन इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिच्या पायात हा प्रश्नही चिणलेला आहे.

वीस वर्षांनी मुंबईत फ्लू आला. मे १९१८ च्या अखेरीस एक जहाज बंदराला लागले आणि १० जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एक जण गोदीवर नेमणुकीस होता. पुढील काही महिन्यांत हा आजार रेल्वेमार्गांनी देशभर पसरला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी या रोगाचे कारणच ठाऊक नव्हते. बोस्टनजवळच्या गॅलप्स बेटावर अमेरिकी नौदलाच्या तुरुंगातील ६२ कैद्यांना शिक्षामाफीच्या आश्वासनावर प्रयोगासाठी आणण्यात आले. रुग्णांच्या घशातील स्राव त्यांच्या नाकाघशात सोडण्यात आला, आजारी माणसांना त्यांच्या तोंडावर खोकायला लावले. त्यांपैकी एकही आजारी पडला नाही. हा निष्कर्ष तेव्हा कोडे वाटला. निरोगी शरीर स्थिर तराजू असला तरी त्यात आधीची प्रतिकारशक्ती दडलेली असू शकते, हा धडा पुढे कामी आला. फ्लूचा मानवी विषाणू १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी फेरेट या प्राण्याच्या साहाय्याने वेगळा केला.

विषाणू हाती आल्यावर त्याला रोखणारे औषध मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. १९६४ मध्ये अमँटाडीन या रेणूचा फ्लूविरोधी गुण प्रसिद्ध झाला आणि १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला प्रतिबंधक औषध म्हणून परवानगी मिळाली. फ्लूच्या ‘अ’ प्रकारच्या विषाणूच्या आवरणात एम-२ नावाची एक सूक्ष्म नळी असते. तिच्यातून प्रोटॉन आत शिरले की विषाणूचे आतले कवच सैल होते आणि त्याचे जनुकीय द्रव्य पेशीत मोकळे होते. अमँटाडीन त्या नळीत बुचासारखे बसते. दुसऱ्या जातीचे औषध क्ष-किरणांनी दाखवलेल्या वाटेने आले. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन, जोस व्हर्गीज आणि ग्रॅम लेव्हर यांनी विषाणूच्या पृष्ठभागावरील न्यूरॅमिनिडेज या प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. नवे विषाणू पेशीपासून सुटे होण्यासाठी हे प्रथिन कात्रीचे काम करते. त्या कात्रीच्या खाचेत नेमके बसतील असे रेणू घडवण्यात आले आणि १९९९ मध्ये झॅनामिव्हिर व ओसेल्टामिव्हिर ही दोन औषधे बाजारात आली. या दोहोंची परीक्षा आधी निरोगी स्वयंसेवकांवरच झाली. त्यांतील काहींना तर देखरेखीखाली मुद्दाम सौम्य फ्लूचा संसर्ग देण्यात आला होता.

एक एक औषध असताना जोडीची गरज का निर्माण झाली? कारण विषाणू बदलतो. २००५-०६ च्या हंगामात अमेरिकेत तपासलेल्या एच३एन२ विषाणूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विषाणूंवर अमँटाडीन निष्प्रभ ठरले आणि त्याचा वापर थांबवण्याचा सल्ला देण्यात आला. क्षयरोगाने हा धडा आधीच शिकवला होता. मद्रासमध्ये १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ख्यातनाम अभ्यासात रुग्णांना दोन औषधे एकत्रच देण्यात आली होती, कारण एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. एचआयव्हीवर १९९६ च्या सुमारास तीन औषधांच्या मिश्रणाने चित्र पालटले. मग फ्लूवर तसेच का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक होता.

येथे गणिताचा एक लहानसा थांबा घेऊ. समजा, पहिले औषध विषाणूची वाढ ६० टक्क्यांनी रोखते आणि दुसरे ५० टक्क्यांनी. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करीत असतील तर पहिल्याच्या हातून सुटलेल्या ४० टक्क्यांपैकी निम्मे दुसरे अडवील. म्हणजे एकूण ८० टक्के वाढ रोखली जाईल. चेस्टर ब्लिस यांनी १९३९ मध्ये मांडलेली ही कसोटी आजही वापरतात. प्रत्यक्षात ८० हून अधिक मिळाले तर औषधे परस्परांना बळ देतात, कमी मिळाले तर ती एकमेकांच्या वाटेत येतात. काचेच्या बशीतील पेशींवर हा हिशेब करता येतो. अमँटाडीन, रिबाव्हिरिन आणि ओसेल्टामिव्हिर या त्रिकुटाने २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगांत उत्तम बळ दाखवले.

परंतु बशीला यकृत नसते आणि मूत्रपिंडही नसते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अध्यारोपणाचे तत्त्व प्रिय असते : दोन लहरी एकत्र आल्या की त्यांची बेरीज करावी. हे तत्त्व रेषीय व्यवस्थेतच लागू पडते. शरीर रेषीय नाही. औषध मोडणारी विकरे आणि ते बाहेर टाकणारी वाहक प्रथिने मर्यादित संख्येने असतात. दोन औषधे एकाच दारापाशी आली तर एकाला ताटकळावे लागते आणि त्याचे रक्तातील प्रमाण चढत जाते. म्हणून दोन सुरक्षित औषधांची बेरीज हे एक तिसरेच, अजून न तपासलेले औषध असते.

हे तात्त्विक भय नव्हे. सप्टेंबर १९९३ मध्ये जपानमध्ये नागिणीच्या विषाणूवर सोरिव्हुडीन हे नवे औषध विक्रीस आले. स्वतंत्रपणे ते निर्धोक होते. परंतु नागीण बहुधा प्रतिकारशक्ती घटलेल्या माणसांना होते आणि त्यांत कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांपैकी अनेकांना फ्लुओरोयुरॅसिल गटातील औषधे चालू होती. सोरिव्हुडीनपासून आतड्यातील जंतूंनी तयार केलेला एक घटक, फ्लुओरोयुरॅसिल मोडणाऱ्या यकृतातील विकराला कायमचा निकामी करी. कर्करोगाचे औषध रक्तात साचत गेले आणि विक्री सुरू झाल्यापासून काही आठवड्यांतच पंधरा रुग्ण दगावले. औषध मागे घ्यावे लागले. कर्करोगाचे विषारी औषध निरोगी माणसाला देता येत नाही हे खरे. पण नव्या औषधाने त्या विकराचे काय होते, एवढे वेळीच मोजून इशारा गंभीरपणे घेतला असता तरी ही माणसे वाचू शकली असती.

आंतरक्रिया नेहमी घातकच असते असे नाही. ओसेल्टामिव्हिर यकृतात आपल्या क्रियाशील रूपात बदलते आणि ते रूप मूत्रपिंडातून बाहेर पडते. त्याला बाहेर ढकलणाऱ्या वाहक प्रथिनांना प्रोबेनेसिड हे जुने औषध अडवते. पूर्वी पेनिसिलिन शरीरात अधिक टिकावे म्हणून ही युक्ती योजली गेली होती. निरोगी स्वयंसेवकांना ओसेल्टामिव्हिर व प्रोबेनेसिड एकत्र दिले तेव्हा क्रियाशील रूपाचा शरीराशी येणारा एकूण संबंध सुमारे अडीचपट झाला. २००५ मध्ये बर्ड फ्लूची भीती पसरून ओसेल्टामिव्हिरचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा साठा दुपटीने पुरवण्याचा मार्ग म्हणून शास्त्रज्ञांनी याच निष्कर्षाकडे बोट दाखवले. मूठभर निरोगी माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांतून मिळालेली ही माहिती होती.

अशी चाचणी प्रत्यक्षात होते कशी? बहुधा अदलाबदलीची पद्धत वापरतात. एकच माणूस एका फेरीत पहिले औषध घेतो, दुसऱ्या फेरीत दुसरे आणि तिसऱ्या फेरीत दोन्ही. त्यामुळे माणसामाणसांतील फरक आपोआप बाजूला पडतो. दर थोड्या तासांनी रक्त घेऊन औषधाचे प्रमाण मोजतात आणि त्याचा काळाशी आलेख काढतात. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे शरीराला मिळालेले एकूण औषध. दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती ठेवतात, कारण आधीचे औषध निघून जायला हवे. किरणोत्सारी क्षयाप्रमाणेच येथेही अर्धायुष्याचा हिशेब चालतो. पाच अर्धायुष्ये गेली की सुमारे ९७ टक्के औषध निघून जाते. ओसेल्टामिव्हिरच्या क्रियाशील रूपाचे अर्धायुष्य सहा ते दहा तास, म्हणून दोन दिवस पुरतात. रिबाव्हिरिन मात्र काही आठवडे नियमित घेतल्यावर त्याचे अर्धायुष्य जवळजवळ बारा दिवस होते. त्याला निघून जायला दोन महिने लागतात. कागदावर सोपी दिसणारी तीन औषधांची चाचणी स्वयंसेवकाच्या आयुष्यातील केवढा काळ घेऊ शकते, हे यावरून ध्यानात यावे.

अमँटाडीन व ओसेल्टामिव्हिर यांची अशी परीक्षा सुमारे दीड डझन निरोगी स्वयंसेवकांवर झाली आणि तिचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्याने शंका रास्त होती, पण ती एकमेकांच्या आड येत नाहीत असे आढळले. बँकॉकमध्ये १६ निरोगी स्वयंसेवकांवर तोंडावाटे ओसेल्टामिव्हिर आणि शिरेतून झॅनामिव्हिर ही जोडी तपासली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातही हानिकारक आंतरक्रिया दिसली नाही.

येथे थांबले तर जोडी यशस्वी वाटेल. परंतु निरोगी माणूस केवळ एका प्रश्नाचे उत्तर देतो : शरीर ही जोडी कशी हाताळते? जोडी उपयोगी आहे का, हे रुग्णच सांगू शकतो. फ्रान्समध्ये २००८-०९ च्या हंगामात ओसेल्टामिव्हिर आणि हुंगण्याचे झॅनामिव्हिर एकत्र दिले असता, एकट्या ओसेल्टामिव्हिरपेक्षा परिणाम उणाच आढळला. दोन्ही औषधे एकाच प्रथिनाच्या एकाच खाचेसाठी झगडतात, हे लक्षात घेतले की आश्चर्य कमी होते. वर सांगितलेल्या त्रिकुटाचीही मोठी चाचणी झाली. अनेक देशांतील ६३३ रुग्णांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. तिसऱ्या दिवशी विषाणू सापडणाऱ्यांचे प्रमाण एकट्या ओसेल्टामिव्हिरने ५० टक्के होते, ते त्रिकुटाने ४० टक्क्यांवर आले. रुग्ण मात्र लवकर बरे झाले नाहीत. लक्षणे सरासरीने चार दिवसांऐवजी साडेचार दिवस टिकली. बशीत बळ, शरीरात शांतता आणि रुग्णाला शून्य लाभ : तीन पायऱ्यांवर तीन वेगळी उत्तरे मिळाली आणि तिन्ही आपापल्या जागी खरी होती.

आता आपल्या घराकडे वळू. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूने भारतात झालेला हा पहिला मृत्यू. डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल आणि बंद शाळा ज्यांनी पाहिल्या, त्यांना ते दिवस आठवत असतील. तपासणीचा भार १९५२ पासून पुण्यात असलेल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेवर होता. ओसेल्टामिव्हिर तोपर्यंत भारतीय कंपन्याही बनवू लागल्या होत्या. भारतीय गोळी मूळ गोळीइतकीच प्रभावी आहे हे कसे कळते? तेथेही निरोगी स्वयंसेवकच लागतो. त्याच्या रक्तातील आलेख मूळ औषधाच्या आलेखाशी पडताळतात आणि दोहोंचे गुणोत्तर, त्यातील अनिश्चिततेसह, ८० ते १२५ टक्क्यांच्या मर्यादेत बसावे लागते. स्वस्त औषधाबद्दल आपण कंपनीला किंवा सरकारला धन्यवाद देतो. त्या आलेखामागच्या माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नसते.

२०२० मध्ये हा विषय पुन्हा दारात आला. फॅव्हिपिराव्हिर हे मुळात फ्लूचे औषध. जपानने २०१४ मध्ये नव्या प्रकारच्या फ्लूसाठी ते राखून ठेवले होते. उमिफेनोव्हिर हेही रशियात वापरले जाणारे फ्लूचे औषध. मे २०२० मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने या दोहोंची जोडी कोविडच्या १५८ रुग्णांवर तपासण्याची चाचणी जाहीर केली. त्यामागचा तर्क चुकीचा नव्हता : दोन औषधे विषाणूला दोन वेगळ्या टप्प्यांवर गाठतात. जूनमध्ये एकट्या फॅव्हिपिराव्हिरला आणीबाणीची मर्यादित परवानगी मिळाली आणि ते औषध घरोघरी पोहोचले. पुढे इतर देशांत झालेल्या मोठ्या चाचण्यांत या औषधाने रुग्णालयात जाण्याची वेळ टळते असे दिसले नाही. साथीच्या घाईत तर्क आणि पुरावा यांच्यातले अंतर किती सहज पुसले जाते, हे आपण सर्वांनी अनुभवले. त्या काळात एकाच चिठ्ठीवर पाच-सहा औषधे लिहिली जात होती. त्यांच्या परस्परसंबंधाचा आलेख कोणी काढला होता?

ही सवय साथीपुरतीच नव्हती. सर्दी-तापावरील कित्येक गोळ्या भारतात वर्षानुवर्षे दोन-तीन-चार औषधांच्या मिश्रणाने विकल्या जात. त्यांपैकी अनेकांना राज्यपातळीवर परवाना मिळाला होता. मिश्रण म्हणून त्यांची केंद्रीय पातळीवर परीक्षा झालेली नव्हती. बेळगावच्या के.एल.ई. विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या मिश्रणांची छाननी केली आणि १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण फेरतपासणीसाठी औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे सोपवले. मंडळाच्या उपसमितीचे नेतृत्व मुंबईच्या केईएमच्या माजी अधिष्ठाता आणि औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्याकडे होते. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घालण्यात आली. बंदीमागचा मुख्य आक्षेप साधा होता : या घटकांना एकत्र आणण्याचे वैद्यकीय समर्थन कोठे आहे? सोरिव्हुडीनचा धडा आपल्या कायद्याच्या भाषेत येण्यास अशी पंचवीस वर्षे लागली.

आता त्या निरोगी माणसाकडे परत येऊ. त्याला या साऱ्यातून आरोग्याचा कोणताही लाभ नसतो. धोका बहुधा थोडा असतो, पण नेहमीच नाही. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन-१४१२ हे औषध प्रथमच माणसांना देण्यात आले तेव्हा काही तासांत सहा निरोगी तरुण अतिदक्षता विभागात पोहोचले. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे अशाच एका चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. हे अपवाद खरे. पण धोका शून्य असता तर चाचणीची गरजच उरली नसती.

भारतात अशा अभ्यासांत भाग घेणाऱ्याला वेळेचा व त्रासाचा मोबदला मिळतो. मोबदला देणे गैर नाही. न देणे अधिक गैर ठरेल. परंतु ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी ती रक्कम निर्णयावर भार टाकते. भायखळ्याच्या भिंती दगडी होत्या. गरजेच्या भिंती दिसत नाहीत एवढेच. येथे नीती आणि विज्ञान एकमेकांत गुंतलेले आहेत. पैशांच्या निकडीने एखादा माणूस एक अभ्यास संपण्यापूर्वीच दुसरीकडे नाव नोंदवतो, तेव्हा त्याच्या रक्तात दोन औषधे एकत्र येतात आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. आंतरक्रिया तपासणाऱ्या अभ्यासातच एक न नोंदलेली आंतरक्रिया शिरते. स्वयंसेवक फसवला गेला की आलेखही फसतो. म्हणूनच २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांतील नीतिमत्ता समिती, लेखी संमती, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई या तरतुदींना केवळ कागदी सोपस्कार समजणे चूक आहे. मापनाची विश्वासार्हता त्यांच्यावरच उभी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी ‘दोन औषधांची जोडी निरोगी स्वयंसेवकांत सुरक्षित’ अशी बातमी वाचाल तेव्हा चार गोष्टी पाहा. स्वयंसेवक किती होते? डझनभर माणसांत हजारात एकदा होणारा अपाय दिसत नाही. औषध किती दिवस दिले? पाच दिवसांची सुरक्षितता पाच आठवड्यांना लागू होत नाही. मोजले काय? रक्तातील प्रमाण मोजले असेल, तर ‘गुण आला’ असे म्हणण्याचा अधिकार अजून कोणालाच नाही. आणि ज्यांना औषध लागणार आहे ते लोक त्यात होते का? वृद्ध, गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण यांना फ्लू सर्वाधिक छळतो आणि निरोगी स्वयंसेवकांच्या यादीत नेमके तेच नसतात.

धन्वंतरी महालाच्या वैद्यांना चार पद्धतींचे ज्ञान एकत्र आणता आले. त्यातील प्रत्येक द्रव्य शरीरात कुठे जाते हे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन आपल्यापाशी आहे. ते पोलादाचे किंवा काचेचे नाही. चाचणी केंद्राच्या पलंगावर हात पुढे करून बसलेला, आजारी नसलेला एक माणूस म्हणजे ते साधन. शोधनिबंधात त्याची नोंद ‘एकूण १६’ अशा एका आकड्यात होते. तो आकडा वाचताना त्यामागे सोळा माणसे आहेत, हे आपण विसरता कामा नये.